‘मिळून आला’ : शस्त्र, संशय आणि आपले मराठी लेखन

मराठीत शस्त्राविषयी दोन ठिकाणी लिहिले जाते. एक, चरित्रे, पोवाडे आणि कादंबऱ्यांत. दुसरे, पोलीस ठाण्यात. पहिल्या लेखनाला आपण साहित्य म्हणतो. दुसऱ्याला फिर्याद, जबाब, पंचनामा अशी नावे आहेत आणि त्याची समीक्षा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. पण नाशिक जिल्ह्यातल्या, विशेषतः मालेगावच्या मुसलमानाविषयी गेल्या पंचवीस वर्षांत मराठीत जे काही लिहिले गेले, त्यातला फार मोठा भाग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो वृत्तपत्रांत जसाच्या तसा उतरतो आणि वाचकाच्या मनात घर करतो. म्हणून त्या गद्याचे वाचन करणे हेही समीक्षेचे काम आहे.

या गद्यात एक क्रियापद वारंवार येते : ‘मिळून आला’. अमुक इसम अमुक चौकात संशयास्पदरीत्या फिरताना मिळून आला. त्याच्या कब्जात विनापरवाना धारदार हत्यार मिळून आले. इसमही मिळून येतो आणि हत्यारही मिळून येते. दोघांना एकच क्रियापद! हरवलेली वस्तू सापडावी तसा हा माणूस सापडतो. तो कुठून आला होता, कुठे निघाला होता, हातातल्या वस्तूचे त्याला काय काम होते, हे त्या वाक्यात मावत नाही. संशय आधी येतो, माणूस नंतर, आणि हत्यार सर्वांत शेवटी. या लेखात मला या क्रमाविषयी बोलायचे आहे.

नाशिकचे पिस्तूल

हा क्रम नेहमीच असा नव्हता, याचा पुरावा नाशिक शहरातच आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप देण्याचा तो प्रसंग. तेथे अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडून त्याला ठार केले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे नाशिक कटाच्या खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवले गेले आणि २७ जणांना शिक्षा झाल्या. लंडनहून आलेल्या पिस्तुलांची हकीकत मराठी वाचकाला तोंडपाठ आहे.

जॅक्सन हा संस्कृतचा अभ्यासक होता. त्याने जमवलेल्या लोककथा आणि लोकसमजुती त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेनने संपादित करून प्रसिद्ध केल्या. तो चांगला अधिकारी होता की कावेबाज, यावर वाद आहेत. पण इथे आपला मुद्दा वेगळा आहे. कान्हेऱ्यांविषयी जे मराठी लेखन झाले, त्यात त्यांचे गाव आहे, औरंगाबादचे शिक्षण आहे, तिथला मित्र आहे, त्यांनी ‘मित्रप्रेम’ नावाची कादंबरी लिहिली होती ही नोंद आहे. म्हणजे ज्याच्या हाती खरोखर पिस्तूल होते, ज्याने खरोखर माणूस मारला, त्याला मराठी भाषेने आई-वडील दिले, मित्र दिले, मन दिले. तो कधीही ‘मिळून आला’ नाही.

त्या काळात सरकारी संशय एका माणसापुरता नव्हता. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाने पश्चिम भारतातल्या कटांचा विचार करताना चित्पावन ब्राह्मणांचा उल्लेख जातीने केला आहे. म्हणजे एक संपूर्ण जात सरकारी कागदात संशयित म्हणून नोंदली गेली होती. मराठी साहित्याने त्याला दिलेले उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. ‘आमची जात निर्दोष आहे’ असे निवेदन काढून ते थांबले नाही. त्याने जातीच्या जागी एकेक माणूस उभा केला. पोलिसांच्या यादीतले नाव चरित्राचे शीर्षक झाले. या लेखनात गौरव फार आहे आणि विचार कमी आहे, अशी तक्रार करता येईल, ती योग्यही आहे. हत्येची नैतिक किंमत त्यात क्वचितच मोजली जाते. परंतु संशयिताला माणूस करण्याची हातोटी त्या लेखनाला साधली होती, हे मान्य करावे लागेल.

परवान्याची भाषा

या संशयाचे मूळ शस्त्रविषयक कायद्यात शोधावे लागते. १८५७ नंतर हिंदुस्थान निःशस्त्र करण्यात आला. त्या उठावात नाशिक-नगरच्या सीमेवर लढलेला भागोजी नाईक हा भिल्ल नायक पूर्वी इंग्रजांच्याच पोलिसात होता. १८५९ मध्ये तो मारला गेला. मग १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा आणि युरोपियनाला नियमांनुसार सूट, अशी त्याची रचना होती. शस्त्र तेच, पण त्याचा अर्थ बाळगणाऱ्याच्या वंशावरून ठरणार! काँग्रेसने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजीसुद्धा १९१८ मध्ये, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांतले सर्वांत काळे ठरेल, अशा आशयाचे बोलले होते. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद झाला.

स्वातंत्र्यानंतर मात्र तो हक्क घटनेत आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली आणि कराचीची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. गुन्हेगारांनाही हाच हक्क द्यायचा का, हा त्यांचा प्रश्न रोखठोक होता. मला स्वतःला बाबासाहेबांची बाजू पटते. ज्या समाजात दुबळ्याच्या घरी भाकरीची भ्रांत आणि बलवानाच्या घरी बंदूक, तिथे शस्त्राचा हक्क म्हणजे बलवानाचाच हक्क ठरला असता. एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले तेही ‘शांततेने व शस्त्राविना’. पंचविसाव्या अनुच्छेदात शिखांच्या कृपाणाला मात्र स्पष्ट जागा मिळाली.

तेव्हा भारतात उघडपणे बंदूक घेऊन फिरण्याचा हक्क नाही. आहे तो परवाना. १९५९ च्या कायद्याने तो सर्वांना सारखा लागू केला. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, नाकारलाच तर कारण लेखी नोंदवावे लागेल, अशी चांगली कलमे त्यात आहेत. पण १९८३ च्या दुरुस्तीने जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवणे अनिवार्य झाले. २०१६ च्या नियमांनुसार परवान्याची बंदूकसुद्धा सार्वजनिक ठिकाणी झाकून न्यावी लागते. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. हे निर्बंध योग्यच आहेत. खोच आहे ती त्या पोलीस अहवालात. तिथे शस्त्राची परीक्षा होत नाही, माणसाची होते. आणि माणसाची परीक्षा करणारा कोणत्या समजुती घेऊन टेबलाशी बसला आहे हे कायद्यात लिहिलेले नसते.

कायदा आजही सर्वत्र जन्माकडे पाहात नाही असे नाही. कर्नाटकातल्या कोडगू भागात कोडवा समाजाला बंदुकीच्या परवान्यातून जुन्या काळापासून सूट आहे आणि २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. एका समाजाच्या हातात बंदूक शोभते असे सरकारच म्हणते. मग दुसऱ्या एखाद्या समाजाच्या हातात काठीसुद्धा शोभत नाही, असे सरकार न बोलता म्हणत असेल तर नवल कसले?

आणि केवळ हक्क लिहून दिला म्हणजे संशय संपतो असेही नाही. अमेरिकेत शस्त्राचा हक्क घटनेतच आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे नेणे कायदेशीर होते. काळ्या ब्लॅक पँथर तरुणांनी हा हक्क वापरून पोलिसांच्या गस्तीवरच पाळत ठेवायला सुरुवात केली. २ मे १९६७ रोजी ते बंदुका घेऊन तिथल्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी गव्हर्नर रेगन यांच्या सहीने तो हक्क आटोपता घेणारा कायदा झाला. २०१६ मध्ये मिनेसोटात एका काळ्या तरुणाने, आपल्याजवळ परवान्याची बंदूक आहे, असे पोलिसाला स्वतःहून सांगितले आणि तो गाडीतच मारला गेला. हक्क कागदावर होता, संशय डोळ्यात होता. आपल्या नामदेव ढसाळांच्या पिढीने पँथरचे नाव घेतले, बंदूक घेतली नाही, शब्द घेतले. मराठी साहित्याच्या दृष्टीने ही निवड फार मोलाची ठरली.

पंचनाम्याचे गद्य

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. इथे सामान्य माणसाचा संबंध बंदुकीशी क्वचितच येतो. येतो तो सुरी, कोयता, तलवार आणि काठीशी. कायदा सांगतो की नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा हे शस्त्र. मात्र घरकामाचा, शेतीचा किंवा धंद्याचा सुरा त्यातून वगळलेला आहे. म्हणजे कुरेशी माणसाचा सुरा त्याच्या धंद्याचे अवजार आहे, हे कायदाच मान्य करतो. पण दुकान ते घर या वाटेवर त्याच पात्याचे काय होते? त्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाई आदेश निघतात. सण आला, जयंती आली, निवडणूक आली की तलवारी, भाले, बंदुका, सुरे, सोटे, काठ्या जवळ बाळगण्यास मनाई. आदेशाचा मजकूर सर्वांसाठी एकच असतो. दसऱ्याला शस्त्रपूजन होते, मिरवणुकीत तलवारी उंचावल्या जातात, मोहरमला लाठी-पट्ट्याचे खेळ होतात. एकाच आदेशाखाली एका हातातले पाते परंपरा ठरते आणि दुसऱ्या हातातले हत्यार. भाषांतर करणारा पोलीस असतो आणि शब्द आधीच ठरलेले असतात.

ते शब्द पाहा. ‘गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली.’ बातमीदार कधी दिसत नाही, खात्री कोणी केली ते कळत नाही. ‘उडवाउडवीची उत्तरे दिली.’ प्रश्न काय होता आणि उत्तर काय होते, ते लिहीत नाहीत. जो माणूस घरात उर्दू बोलतो आणि शाळा उर्दूत शिकला, त्याला मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना अडखळायला होते. ते अडखळणे म्हणजेच उडवाउडवी का? ‘दोन पंचांसमक्ष’ हे पुढचे पद. कायद्याला त्याच भागातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी अपेक्षित आहेत. पण मोहल्ल्यातला कोणता प्रतिष्ठित माणूस पंच म्हणून सही करायला पुढे येईल, आणि आला तर त्याचे शेजाऱ्यांशी काय होईल, ही एका चांगल्या कथेची सामग्री आहे. ती कथा आपण लिहिलेली नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. हे स्वागतार्ह आहे. पण कॅमेरा जप्तीच्या क्षणापासून सुरू होतो. त्याआधीचे आयुष्य टिपण्याचे काम साहित्याचे असते.

२००६ ची दोन प्रकरणे

आपल्या लेखनाची खरी कसोटी नाशिक जिल्ह्यात २००६ या एकाच वर्षात लागली. त्या वर्षी मे महिन्यात चांदवड-मनमाड रस्त्यावर दहशतवादविरोधी पथकाने पाठलाग करून शस्त्रसाठा पकडला. सुमारे ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि हजारो काडतुसे. हे प्रकरण औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण म्हणून ओळखले जाते. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यात १२ जणांना दोषी ठरवले, ८ जणांना सोडले आणि मोक्काची कलमे लागू होत नाहीत असे म्हटले. म्हणजे शस्त्रे खरी होती, गुन्हेगारही होते आणि त्यांच्याबरोबर गोवले गेलेले निर्दोषही होते.

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, मालेगावात बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मरणारे नमाजी होते, फातिहा पढायला आलेले लोक होते, मुले होती. अटक झाली ती नऊ मुसलमान तरुणांना. त्यांचे कबुलीजबाब त्यांनीच पुढे नाकारले. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर २०११ मध्ये जामीन, २०१३ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचे दुसऱ्याच आरोपींवर आरोपपत्र आणि एप्रिल २०१६ मध्ये आरोपांतून मुक्तता. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता.

या दोन प्रकरणांना शेजारी ठेवून वाचले पाहिजे. मे महिन्यातल्या खऱ्या जप्तीने सप्टेंबरच्या चुकीच्या अटकांना विश्वासार्हता दिली. ‘हत्यारे सापडली होतीच की’ या एका वाक्याने समाजाने पुढचे सर्व काही मान्य केले. चांदवडच्या रस्त्यावरच्या गाडीत जे होते, त्याची किंमत बडा कब्रस्तानात फातिहा पढणाऱ्यांच्या मुलांनी भरली. संशय असा एकाकडून दुसऱ्याकडे उधारीवर जातो.

त्याआधी २६ ऑक्टोबर २००१ रोजी मालेगावात अफगाणिस्तानवरील हल्ल्याच्या निषेधाची पत्रके वाटण्यावरून पोलिसांशी वाद झाला आणि पुढे गोळीबारात माणसे मेली. कागदसुद्धा हत्यारासारखा वाचला जाऊ शकतो, हे त्या दिवशी दिसले. २९ सप्टेंबर २००८ च्या भिक्कू चौकातल्या स्फोटाचा निकाल ३१ जुलै २०२५ रोजी लागला आणि सातही आरोपी सुटले. संशय कितीही गडद असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मृतांच्या नातेवाइकांना या निकालाने काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको. तरीही ते तत्त्व आपण नाकारता कामा नये. ते आपल्यासाठी मागायचे आणि दुसऱ्यासाठी टाळायचे, हे चालणार नाही. मागणी एवढीच की ते तत्त्व पहिल्या रात्रीपासून, पहिल्या पंचनाम्यापासून, प्रत्येक नावाला सारखे लागू व्हावे.

आपण काय लिहिले?

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण सांगत आलो की आम्ही मराठी आहोत. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने त्याच्या कितीतरी आधी, १९६५ मध्ये, गावातला परस्पर संशय पेट कसा घेतो ते कोणाचीही भीड न ठेवता दाखवले. पण पोलीस आणि मुसलमान या नात्यावर आपले लेखन दोन सोप्या वाटांनी गेले.

पहिली वाट निरागसतेची. आपल्या कथेतला संशयित हटकून देवमाणूस असतो. तो गणपतीच्या आरतीला उभा राहतो, त्याचे आजोबा स्वातंत्र्यसैनिक असतात, भिंतीवर ताम्रपट असतो. लेखक जणू चारित्र्याचा दाखला काढून देतो. पण नागरिकाचा हक्क चांगुलपणावर अवलंबून नसतो. चिडखोर, आळशी, नमाज चुकवणारा, बायकोशी भांडणारा माणूससुद्धा खोट्या आरोपात अडकू नये, हा कायद्याचा अर्थ आहे. ज्या कथेत निर्दोष सुटण्यासाठी संत असावे लागते, ती कथा नकळत पोलिसांचेच म्हणणे मान्य करते.

दुसरी वाट मौनाची. आपल्या वस्तीत गावठी कट्टा कोणाकडे आहे, कोण कोणाच्या जोरावर दादागिरी करतो, चांदवडच्या गाडीपर्यंत एखादा तरुण कसा पोहोचतो, हे आपण लिहीत नाही. लिहिले तर शत्रूच्या हाती कोलीत मिळेल ही भीती. ही भीती खोटी नाही. पण मौनाने संशय कमी होत नाही. ज्या जागेवर आपण लिहीत नाही, तिथे पंचनामा लिहिला जातो.

या दोन्ही वाटांना पर्याय मराठीतच आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त मांगांना दररोज हजेरी द्यावी लागते, जन्मच गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याची ती हजेरी. अण्णाभाऊंनी फकिराच्या हातातली तलवार लपवली नाही, त्याने लुटलेला खजिनाही लपवला नाही. ती तलवार कोणत्या भुकेने उचलली ते सांगितले. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त चोरी आहे, ती कबूल आहे; आणि रात्री-अपरात्री घरात शिरणारे पोलीसही आहेत. त्या कबुलीमुळेच पोलिसी अत्याचाराचे चित्र खरे वाटते. वाचक लेखकावर विश्वास ठेवतो, कारण लेखकाने स्वतःच्या घराची झडती आधीच देऊन टाकलेली असते.

याच्या तुलनेत आपल्याकडे काय आहे? मुंबईच्या रेल्वे स्फोट खटल्यातून २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी ‘बेगुनाह क़ैदी’ लिहिले, ते उर्दूत. मालेगावचे दुःखही मुख्यतः उर्दू वृत्तपत्रांत आणि मुशायऱ्यांत बोलले गेले. ते स्वाभाविक आहे, मालेगावची बोली ती आहे. पण पंचनामा मराठीत आहे, पंच मराठीत सही करतो, शेजारच्या गावातला वाचक मराठीत वाचतो. आरोप एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत, अशी ही अवस्था आहे. उत्तर कितीही खरे असले तरी आरोप वाचणाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाही.

ही दरी भरून काढण्याची जबाबदारी मुस्लिम मराठी लेखकावर येते, कारण दोन्ही बाजूंचे शब्द त्याला कळतात. ‘उडवाउडवी’ म्हणजे नेमके काय झाले असेल ते त्याला मोहल्ल्याच्या बोलीत ऐकू येते, आणि पंचनाम्यात ते कसे उतरेल हेही त्याला माहीत असते. हे दुहेरी ज्ञान फार थोड्या मराठी लेखकांकडे आहे. ते वापरून मालेगावची एक मोठी, निर्भीड कादंबरी मराठीत यायची आहे. तिच्यात चांदवडची गाडी असली पाहिजे आणि कब्रस्तानही. तिच्यात सहृदय पोलीस असावा, लबाड समाजसेवक असावा, सही करून रात्रभर न झोपलेला पंच असावा. शस्त्राचा हक्क आपल्याला नको आहे. तो घटनाकारांनी दिला नाही हे चांगलेच झाले. आपल्याला हवा आहे तो वाक्यात कर्ता होण्याचा हक्क. ‘इसम मिळून आला’ या वाक्याच्या जागी, कोण कुठून निघाला होता आणि का, हे नावानिशी सांगणारे वाक्य लिहिता आले, तर ते पोलीस ठाण्यातून मागावे लागणार नाही. ते आपणच लिहायचे आहे, आणि मराठीत लिहायचे आहे.